कोरा संदेश

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात कापूस पिकतो. समजा, बोंडअळीची सूचना देणारा संदेश तेथील शेतकऱ्याच्या मोबाइलवर आला. पण उघडून पाहिला तर कोरा! मजकूर गेला कुठे?

भारत सरकारने २०१३ साली 'एम-किसान' ही सेवा सुरू केली. अशा सेवेत संगणकावरून एकाच वेळी हजारो शेतकऱ्यांना संदेश पाठवतात. हे संदेश ज्या यंत्रणेतून मोबाइलच्या जाळ्यात शिरतात, तिला 'एसएमएस गेटवे' म्हणतात. गेटवे म्हणजे दरवाजा.

एका संदेशात ११२० बिट मावतात. बिट म्हणजे ० किंवा १. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात; म्हणून १६० अक्षरे बसतात. मराठी किंवा उर्दू लिपीतील प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. म्हणून ७० चिन्हेच बसतात. काना, मात्रा, उकार ही वेगळी चिन्हे धरतात. 'कापूस' या शब्दात अशी ५ चिन्हे आहेत.

मजकूर ७ बिटांचा की १६ बिटांचा, याची खूण संदेशासोबत जाते. ही खूण चुकली, तर संदेश कोरा दिसतो किंवा भलतीच अक्षरे उमटतात. मोबाइलमध्ये ती लिपीच नसेल, तर रिकामे चौकोन दिसतात.

मग दोष कसा शोधाल? शेजाऱ्याच्या मोबाइलवर आलेली तीच सूचना पाहा. तेथे ती नीट दिसली, तर दोष बहुधा आपल्या मोबाइलचा. तेथेही कोरी असेल, तर दोष बहुधा पाठवण्यात. अशा वेळी पाठवणाऱ्याला लगेच कळवा. कोरा संदेश पुसू नका. त्यावरची तारीख आणि वेळ दोष शोधायला उपयोगी पडते. अळी मात्र दुसऱ्या संदेशाची वाट पाहत नाही!