मेणबत्तीत नेमके काय जळते?

वीज गेली, वाढदिवस आला, दिवाळी किंवा नाताळ आला, की घरात मेणबत्ती पेटते. 'पडद्याजवळ ठेवू नको', 'पेटती ठेवून झोपू नको' अशा सूचना मुले ऐकतात आणि विसरतातही. सूचनेमागचे कारण कळले, तर मात्र ती सहसा विसरली जात नाही. म्हणून आधी ज्योतीकडेच पाहू.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केवळ मेणबत्ती या विषयावर मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. त्यांतला एक प्रयोग शिक्षकांनी वर्गात जरूर करून दाखवावा. काही मिनिटे जळलेली मेणबत्ती हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता, दोन-तीन सेंटिमीटर वर त्या धुराला लावा. ज्योत धुरातून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते!

हा धूर म्हणजे मेणाची थंड होऊ लागलेली वाफ. मेण साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. घन किंवा नुसते वितळलेले मेण सहजी पेटत नाही. वात ही मेण थोडे थोडे पुरवणारी नळी आहे. हा पुरवठा बेताचा असतो, म्हणूनच ज्योत आपल्या ताब्यात राहते.

तो ताबा सुटतो कधी? वात लांब वाढली, की वाफ जास्त होते. तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, ज्योत उंच होते आणि काजळी धरते. म्हणून पेटवण्यापूर्वी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी. काडीचे तुकडे वितळलेल्या मेणात पडले, तर तेही वातीचेच काम करतात. अनेक मेणबत्त्या खेटून लावल्या, तर त्या एकमेकींना तापवतात. त्यांच्यात दहा सेंटिमीटर तरी अंतर हवे. आणि शेवटचे दोन सेंटिमीटर उरले, की मेणबत्ती विझवावी. तळाशी आलेली ज्योत खालचे प्लॅस्टिक वा लाकूड तापवते. मेणाचे थेंब पाडून टेबलावर चिकटवण्यापेक्षा रुंद स्टीलच्या ताटलीत वाळू घालून तीत मेणबत्ती रोवावी.

आता जागेचा विचार करू. ज्योतीभोवतीची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. त्यामुळे ज्योतीच्या बाजूला जिथे हात सहज धरता येतो, तेवढ्याच अंतरावर तिच्या वर धरता येत नाही. वर फळी, तोरण, कॅलेंडर नको. पण बाजूही नेहमी सुरक्षित नसते. वारा आला, की ज्योत आडवी होते किंवा पडदाच तिच्याकडे येतो. म्हणून सर्व बाजूंनी किमान एक फूट जागा मोकळी ठेवावी. अंथरुणावर मेणबत्ती घेऊन अभ्यास करणे तर नकोच. डोळा लागल्यावर चादर सरकली, तर सांगायला कोणी जागे नसते. अशा वेळी बॅटरीचा दिवा वापरावा.

कार्यानुभवाच्या तासाला मेणबत्त्या बनवताना मेणाचे भांडे थेट शेगडीवर कधीही ठेवू नये. ते पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावे. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे मेण त्यापलीकडे तापत नाही आणि पेट घेण्याइतकी वाफ होत नाही. थेट आचेवर ही मर्यादा राहत नाही. तसे मेण पेटलेच, तर त्यावर पाणी ओतू नये. पाणी मेणापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. ही वाफ पेटते मेण चहूकडे उडवते. शेगडी बंद करून भांड्यावर धातूचे झाकण सरकवावे. हवा तुटली की आग विझते.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्यावा: घरात मेणबत्ती लावण्याची नेहमीची जागा पाहा. तिच्या वर काय आहे, बाजूला काय आहे आणि खाली काय आहे, हे लिहून आणा. गरज असेल, तर घरच्यांना कारण सांगून ती जागा बदला.