पिल्लू घेताना आधी आईला भेटा

लॅब्राडोरचं पिल्लू बघायला गेलेली माणसं डोळे, रंग आणि ‘पंजे किती जाड’ एवढंच पाहतात. खरी गोम खुब्यात असते. या जातीत खुब्याचा सांधा सैल पडण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. जन्मतः सांधा ठीक असतो, वाढीच्या महिन्यांत तो ढिला होत जातो. त्यामुळे लहान पिल्लाकडे पाहून काहीच कळत नाही. कळतं ते आईबापांच्या खुब्यांच्या एक्स-रेवरून. ते मागा. ब्रीडर चुळबुळू लागला, तर उत्तर मिळालंच.

‘केसीआयचे पेपर आहेत ना!’ हे ठरलेलं वाक्य. केनेल क्लब ऑफ इंडियाचा तो कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आजार तर दोन्ही पालक धडधाकट असूनही पिल्लात उतरतो. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. डीएनए चाचणीत हे आधीच समजतं.

आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे मी तरी पुन्हा जाणार नाही. आणि २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्या वयात ते भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा, हे शिकत असतं.