थंडीतली रात्रपाळी, बंद शटर आणि धूर

३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, शहर थंडीत गाढ झोपलेले असताना, आपल्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. काही जण कसेबसे बाहेर पडले, सहा जण मृत्युमुखी पडले. पुढे तीनच महिन्यांनी, ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे, छावणी भागातील एका शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. त्यांच्यापर्यंत ज्वाळा पोहोचल्याच नव्हत्या. पोहोचला तो धूर.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. आग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. पण बंद जागेतील आगीत बहुतेकदा जीव घेतो तो धूर. आणि हिवाळ्यात जागा बंद करण्याकडेच आपला सगळा ओढा असतो.

वाचकहो, आरोग्यविषयक नियतकालिकात कारखान्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे रात्रपाळीला जाणारी मुले आणि नातवंडे आपल्याच घरांतली आहेत. शिवाय निवृत्तीनंतर गोदामावर, एखाद्या कारखान्याच्या फाटकावर किंवा बांधकामावर रात्रीचे वॉचमन म्हणून काम पत्करणारे साठीपासष्टीचे गृहस्थ माझ्या दवाखान्यात नित्य येतात. या वयात पेन्शन पुरत नाही, हे त्यामागचे साधे कारण. तेव्हा कामाच्या जागेची आग हा विषय ज्येष्ठांपासून दूरचा नाही.

थंडीत नेमके बदलते काय? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये तो अधिकच बोचतो. मग झरोक्यांत पोती कोंबली जातात, शटर खाली ओढले जाते, कोपऱ्यात शेगडी किंवा विजेचा हीटर येतो. आंघोळीच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड पडतो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर, रॉड आणि मोबाइलचे चार्जर लागतात, वायर तापते. भोवती पुठ्ठे, कापडाच्या चिंध्या, कापूस, थिनरचे डबे. हवा कोरडी असल्याने हा माल ठिणगी पडताच पेट घेतो. मुंबईत साकीनाक्याला १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे फरसाणाच्या एका दुकानाला आग लागून बारा कामगार दगावले, तेही कामाच्याच जागी झोपलेले होते. प्रत्येक ठिकाणी ठिणगीचे कारण वेगळे असेल. पण झोपण्याची जागा आणि माल साठवण्याची जागा एक असणे, हे दुखणे सारखेच आहे.

झोपेत वास आपल्याला जागे करत नाही. 'धुराचा वास आला की उठूच' हा भरवसा शरीरशास्त्राला मान्य नाही. झोपेत घ्राणेंद्रिय जवळजवळ निद्रिस्तच असते आणि वयपरत्वे ते जागेपणीही मंदावते. त्यावर झोपेची गोळी किंवा मद्य असेल, तर विचारायलाच नको. म्हणून माणसे झोपतात तेथे धूरसूचक यंत्र हवेच. त्यातही एक बारकावा आहे : या यंत्रांचा आवाज बहुधा किनरा असतो आणि वाढत्या वयात नेमके किनरे आवाजच आधी ऐकू येईनासे होतात. वयस्क पहारेकऱ्यासाठी खर्जातला आवाज देणारे यंत्र किंवा जागा राहणारा जोडीदार अधिक उपयोगी.

आता पहारेकऱ्याच्या केबिनविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आग न लागताही जीव जातो. चार फुटांची केबिन, दार बंद, घमेल्यात कोळसे किंवा लाकडाचे तुकडे. ज्वाळा नाही, धूरही फारसा नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहते, पण प्राणवायू पोहोचवत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, गरगरते. पित्त झाले, थंडी बाधली, असे म्हणून माणूस आणखी पांघरूण घेऊन पडून राहतो. हृदयविकार असणाऱ्याच्या छातीत दुखू लागते. सकाळी मोकळ्या हवेत आल्यावर डोकेदुखी कमी होत असेल, किंवा एकाच खोलीतील दोघांचे डोके एकाच वेळी दुखत असेल, तर दोष पित्ताचा नसून घमेल्याचा असल्याची शंका घ्यावी. शेकायचे असेल तर उघड्यावर, आणि आत जाताना निखारे पाणी ओतून विझवून. राखेखाली निखारे तासन् तास जिवंत राहतात, हे आपल्या पिढीला सांगायला नको.

येथे एक सावधगिरीची सूचना. करोनाच्या काळापासून घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. धुरात सापडलेल्या माणसाच्या बोटाला ते लावून ९८ आकडा दिसला, तर कृपया समाधान मानू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक या साध्या यंत्राला कळत नाही. रुग्ण गुदमरत असतानाही ते उत्तम आकडा दाखवते. अशा रुग्णाला रुग्णालयात मास्कने भरपूर प्राणवायू द्यावा लागतो. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. प्राणवायूवर साधारण तास-दीड तास.

धुरातून बाहेर आलेला माणूस बोलतो-चालतो म्हणून त्याला घरी नेऊ नये. आवाज घोगरा झाला असेल, नाकपुडीत किंवा थुंकीत काजळी असेल, नाकातील केस किंवा भुवया होरपळल्या असतील, तर श्वासनलिकेला आतून सूज चढत असते आणि पुढील काही तासांत ती बंद होऊ शकते. १०८ ला फोन करावा. आपल्या शहरात शासकीय घाटी रुग्णालय आहे. जे मोठे रुग्णालय जवळ असेल तेथे विनाविलंब पोहोचावे.

भाजल्यावर करायचे ते फार साधे आहे, तरी घडते भलतेच. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, काहीही नको. ते खरवडून काढताना रुग्णाच्या वेदना दुप्पट होतात. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. नंतर स्वच्छ सुती कापड सैलसर झाकावे. ज्येष्ठांना आणि मोठ्या भागावर भाजलेल्यांना गार पाण्याने हुडहुडी भरते, म्हणून उरलेले अंग उबदार ठेवावे. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. शेकोटीजवळ पाय ठेवून बसलेल्या गृहस्थांना भाजल्याचे दुसऱ्या दिवशी फोड पाहून कळते. नायलॉनची शाल पांघरून शेकोटीपाशी बसण्यापेक्षा लोकरीची किंवा जाड सुती बरी. कपड्यांनी पेट घेतलाच, तर धावू नये. आडवे व्हावे, आणि जवळच्याने जाड घोंगडीत घट्ट लपेटावे.

धूर वर चढतो, स्वच्छ हवा जमिनीलगत राहते. म्हणून वाकून किंवा रांगत बाहेर पडावे. नाकावरचा ओला रुमाल काजळी अडवतो, विषारी वायू अडवत नाही. त्याच्या भरवशावर सामान काढायला परत फिरू नये. दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहावी; दार तापलेले असेल तर ते उघडू नये. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१.

मात्र बाहेर पडायला दार उघडे हवे. पुण्याजवळ उरुळी देवाची येथे मे २०१९ मध्ये साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच कामगार गेले, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होते. चोरीच्या भीतीने माणसे आत ठेवून बाहेरून कुलूप लावणे, याला मी तरी व्यवस्था म्हणू शकत नाही. रात्रपाळीला असलेल्या मुलाला आपण फोनवर 'जेवलास का' हे विचारतोच. या हिवाळ्यात आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : झोपतोस कुठे, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी ती वाट एकदा चालून पाहायला सांगावे.

आणि आपल्या कुटुंबात कोणाचे स्वतःचे वर्कशॉप, गोदाम किंवा दुकान असेल, तर महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याची आठवण द्यावी. हा कायदा ज्या इमारतींना लागू होतो, तेथे आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते, जानेवारीत आणि जुलैत. जानेवारी ऐन थंडीतच येतो. भिंतीवरच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे पाहायला मात्र कोणत्याही संस्थेची वाट पाहावी लागत नाही. आजोबांनी सकाळी फिरायला जाताना दुकानात डोकावले तरी ते दिसते.