हृदय ऊतकाची विद्युत् संवाहकता व तंतुकंपन-निवारण

निलयांचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) स्नायुतंतू परस्परांशी मेळ न राखता कंप पावू लागले की, रक्ताभिसरण थांबून काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. यावर विजेचा धक्का हाच परिणामकारक उपाय आहे. १९४७ मध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या हृदयास असा धक्का देऊन एका चौदा वर्षांच्या मुलाचे प्राण वाचविले. शरीरात बसविण्याचे उपकरण मानवात प्रथम १९८० मध्ये वापरण्यात आले.

कंपन थांबविण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेला अवसीमा म्हणतात. रोपित उपकरण सु. ३० ते ४० जूल ऊर्जाच देऊ शकते. लहान मुलांत विद्युत् अग्रे पुष्कळदा नेहमीच्या जागी बसविता येत नाहीत आणि प्रत्येक पर्यायी जागा धक्के देऊन पडताळणे शक्य नसते. म्हणून छातीच्या संगणकीय प्रतिकृतीवरून अवसीमा काढतात. हृदयस्नायूच्या सु. ९५% भागात विद्युत् क्षेत्र प्रती सेंमी. ५ व्होल्टपेक्षा अधिक झाल्यास धक्का यशस्वी, असा निकष त्यासाठी सामान्यतः लावतात.

प्रतिकृतीतील सर्व ऊतकांची संवाहकता एकाच पटीत वाढविली आणि अग्रांमधील दाब तोच ठेवला, तर क्षेत्र बदलत नाही. फक्त प्रवाह वाढतो. दाबाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ऊतकांच्या संवाहकतांच्या गुणोत्तरांना. एकविध क्षेत्रात ठेवलेल्या गोलाची संवाहकता भोवतालच्या दुप्पट असेल, तर त्याच्या आतील क्षेत्र मूळच्या तीन-चतुर्थांश राहते. ही घट भरून काढण्यास दाब ४/३ पट लागतो आणि ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सु. १.७८ पट होते. म्हणजे २० जूलचे सु. ३६ जूल. खरे हृदय भरीव गोल नव्हे, त्यात उत्तम संवाहक असे रक्त असते. तेव्हा हा आकडा केवळ दिशादर्शक होय.

तंतूंच्या दिशेत वीज आडव्या दिशेपेक्षा अधिक सुलभतेने वाहते. क्लर्क यांच्या १९७६ मधील मापनांनुसार हे गुणोत्तर कोशिकांच्या आत सु. ९, तर बाहेर सु. २.६ आहे. ही गुणोत्तरे समान असती, तर धक्क्याने स्नायूच्या अंतर्भागात कोशिकापटलाचे विभव जवळजवळ बदललेच नसते. परिणाम पृष्ठभागापुरता राहिला असता. त्यामुळे या विषमतेचे मूल्य अचूक हवे. परंतु तंतूंच्या दिशेतील बाह्यकोशिकीय संवाहकता क्लर्क यांना प्रती मीटर ०.६२ सीमेन्स, तर रॉबर्ट्स व शेर यांना (१९८२) ०.१२ सीमेन्स आढळली. या तफावतीमुळे गणिताने आलेल्या जूलच्या आकड्यापेक्षा, त्याच प्रतिकृतीत अग्रांच्या निरनिराळ्या जागांचा लागणारा क्रम अधिक भरवशाचा मानावा लागतो.