सोनपाखरू : मण्यांच्या भरतकामातील एक नमुना

कीटकांना नावे देताना मराठीने थोडा पक्षपात केलेला दिसतो. जो जीव नकोसा वाटतो तो 'किडा' ठरतो. जो डोळ्यांना सुखवितो त्याला आपण पाखरांच्या पंक्तीस बसवितो. 'फुलपाखरू' आणि 'सोनपाखरू' ही नावे त्यातलीच. यांपैकी दुसरे म्हणजे वस्तुतः हिरव्या-सोनेरी झळाळीचा भुंगेरा होय. परंतु नाव पाखराचे मिळाल्यामुळे हाताची कशी फसगत होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काचमण्यांचे पहिले सोनपाखरू मी भरले तेव्हा पसरलेल्या पंखांचा, चोचीचा एक लहानसा राघूच कापडावर अवतरला. दारावरच्या मण्यांच्या तोरणांत राघू-मोर पाहण्याची सवय त्यास कारण झाली असेल. तरी मुख्य दोष नावाचा, असे मला वाटते.

मण्यांनी या कीटकाची नक्कल करण्यापूर्वी खुद्द त्याचे पंखच भरतकामात वापरले जात. एकोणिसाव्या शतकात मद्रास व कलकत्ता येथून असे पंख टाकलेली मलमल इंग्लंडात जाई. अभिनेत्री एलन टेरी हिने 1888 साली लेडी मॅक्बेथच्या भूमिकेत घातलेला पोशाख अशाच पंखांनी मढविलेला होता. सार्जंटने 1889 मध्ये त्या पोशाखात तिचे चित्र रंगविले.

येथे 'पंख' हा शब्दही जपून घ्यावयास हवा. भुंगेरा उडतो तो आत घडी घातलेल्या पातळ पंखांवर. कापडावर टाकला जातो तो पुढचा, ढालीसारखा कठीण झालेला पंख. शास्त्रीय परिभाषेत त्यास 'पक्षवर्म' म्हणतात. त्याची हिरवी झळाळी रंगद्रव्याची नव्हे. अतिशय पातळ थर एकावर एक असतात व त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो रंग उमटतो. म्हणून शंभर वर्षांच्या जुन्या वस्त्रावरही तो विटत नाही, आणि म्हणूनच साध्या हिरव्या मण्याने सोनपाखरू साधत नाही. ज्या मण्यांवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप दिलेला असतो, ते मणी घ्यावेत. त्यांतील रंगाचा खेळ याच तत्त्वावर चालतो. केवळ रंग नव्हे, तर रंग उपजण्याची रीतच येथे उचलली जाते. मग खऱ्या पंखांची गरज उरत नाही.

आता कृती. फेल्टच्या तुकड्यावर सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा लंबगोल काढावा व डोके, मान आणि पक्षवर्मे असे तीन भाग पाडावेत. पक्षवर्मांच्या भागात आधी फेल्टचा लहान तुकडा शिवून उंचवटा आणावा. मणी अकरा नंबरचे, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचे. डोक्यासाठी पंधरा नंबरचे. सुताप्रमाणे येथेही नंबर वाढतो तसा माल बारीक होतो, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. दोन पक्षवर्मे जेथे मिळतात ती मधली रेघ प्रथम भरावी. दोन मणी ओवून टाका घ्यावा, सुई मागे आणून दुसऱ्या मण्यातून पुन्हा काढावी, आणि पुढचे दोन ओवावेत. ही रेघ वाकली तर पुढे काहीही केले तरी भुंगेरा लंगडाच दिसतो. नंतर तिच्या डावीकडे एक ओळ, उजवीकडे एक ओळ, असे आळीपाळीने कडेपर्यंत जावे. एक बाजू आधी पुरी केल्यास ती फुगते. टोकाकडे जागा अपुरी पडली तर मणी दाटीने कोंबू नयेत, बारीक घ्यावेत.

'पोत' हा शब्द स्त्रीलिंगी असता मण्यांची सर दाखवितो, पुल्लिंगी असता कापडाची वीण. या ओळी जमल्या म्हणजे पोतीनेच पोत तयार होतो, ही गंमत मला भरताना प्रत्येक वेळी आठवते.

पायांच्या बाबतीत मात्र फार चुका होतात. ते सहाच, आणि सारे वक्षाला जोडलेले. वरून पाहता पहिला जोड मानेपाशी दिसतो. उरलेले दोन पक्षवर्मांच्या पुढच्या अर्ध्या भागाखालून निघतात. पोटाच्या शेवटाकडे पाय लावला की कीटकशास्त्र जाणणारा हसलाच म्हणून समजावे. तांब्याच्या बारीक तारेत मणी ओवून हे पाय करावेत, तारेची टोके फेल्टमधून मागे नेऊन टाचावीत आणि मग पाठीला दुसरा तुकडा लावून कड शिवावी. मिशा मात्र सर्वांत शेवटी बसवाव्यात. आधी लावल्या तर शिवताना दोरा त्यांतच अडकतो.