एक लेणे, दोन प्रार्थना

विरारहून सुटलेली लोकल वसईची खाडी ओलांडून दहिसर-बोरिवलीच्या दिशेने धावू लागते. डब्यात पाय ठेवायला जागा नसलेल्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते, की पश्चिमेच्या त्या इमारतींच्या दाटीत दीड हजार वर्षांच्या आसपासचे एक शिवालय कातळात कोरलेले आहे? त्याचे नाव मंडपेश्वर.

खांबांचा प्रशस्त मंडप, आत गाभारा आणि बाजूच्या दालनात झिजलेला तरी डौल न सोडलेला नटराज. शतकानुशतके इथे शंकराची पूजा झाली.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. वसई राजधानीसारखी झाली आणि साष्टीतले मंडपेश्वरही तिच्या अमलाखाली आले. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने या लेण्याचेच चर्च केले. वरच्या कातळावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही दिसतात. खाली एका भिंतीवर भला मोठा क्रूस कोरला गेला. काही शिल्पे भिंतीआड, गिलाव्याखाली गेली. देवांना झाकण्यासाठी केलेले हे आच्छादनच कदाचित त्यांच्या पथ्यावर पडले असावे!

मग १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांनी जिंकली. चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. देवळाचे चर्च झाले होते. आता चर्चची घंटा देवळात वाजू लागली.

हे लेणे नेमके कुणाचे, असा प्रश्न अधूनमधून निघतो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा देव हलवला, ही कडू गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाची खूण पुसून दुसऱ्याला न्याय मिळेल काय? आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील या लेण्यात महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते आणि जवळच्याच आय. सी. कॉलनीतल्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना होते. नटराज आणि क्रूस, दोन्ही एकाच कातळाने सांभाळले आहेत. मुलांना घेऊन जाल तेव्हा दोन्ही दाखवा. एकच दाखवलेत, तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखे होईल.