बोटांचें हस्ताक्षर

घरांत पियानो नाहीं, वाजविणाराहि समोर नाहीं, आणि तरीहि पियानोचे सूर चालले आहेत, असें सांगितल्यास वाचकांस हें ध्वनिमुद्रिकेचें वर्णन वाटेल. परंतु आम्ही सांगतों तो प्रकार निराळा आहे. ध्वनिमुद्रिकेंत आवाज सांठविलेला असतो; ‘मिडी’ नांवाच्या नोंदींत आवाजाचा लवलेशहि नसतो. कोणती पट्टी केव्हां दाबली, किती जोरानें दाबली, केव्हां सोडली आणि पायाखालचें पेडल केव्हां दाबलें, एवढेंच त्यांत टिपलेलें असतें. आपल्या पेटींत स्वराचा जोर भात्यावर अवलंबून असतो, पियानोंत तो बोटावर. म्हणून त्या जोराच्या १ ते १२७ अशा पायऱ्या ठरविल्या आहेत. जपानचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकारानें ही सामाईक भाषा १९८३ सालीं रूढ झाली.

ही नोंद वाचून दाखवितें तें संगणकांतील आभासी वाद्य. खऱ्या पियानोची एकेक पट्टी मंद, मध्यम व तीव्र आघातांनीं वाजवून त्यांत भरून ठेवलेली असते. पोथी एकच, पुराणिक मात्र निराळे, तसाच हा प्रकार. नोंद इतकी लहान असते कीं, चार मिनिटांच्या उत्तम ध्वनिमुद्रणास चाळीस मेगाबाइट जागा लागली, तर हिला कांहीं किलोबाइट पुरतात. त्यामुळें ती दूरच्या सुहृदास क्षणांत धाडतां येते.

जॅझ पियानोस हें विशेष मानवतें. हें संगीत आपणांस अगदींच परकें नाहीं. टेडी वेदरफर्ड हा निग्रो अमेरिकन पियानोवादक १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे. १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें त्याचा अंत झाला. गोमंतकीय वादकांनीं हें संगीत आपलेंसें केलें. त्यांतील चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्र यांना साहाय्य केलें, आणि ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरहि दिसतात. या संगीताचा प्राण त्याच्या डोलांत आहे. कागदावर सारखे दिसणारे दोन स्वर वाजवितांना पहिला लांबतो, दुसरा आंखडतो. आणि किती, तें ज्याच्या त्याच्या बोटांनीं ठरतें.

याचा अनुभव आम्हांस घरींच आला. आमचे थोरले बंधू नोकरींतून निवृत्त झाल्यावर मुंबईहून महाडास येऊन राहिले. सायंकाळीं ते कीबोर्डवर जॅझ वाजवीत, आणि त्याच्या मिडी नोंदी पोलादपूरच्या आमच्या भाच्यास अभ्यासासाठीं पाठवीत. २०२० सालीं ते निवर्तले. पुढील वर्षीं जुलैंत सावित्रीचा महापूर महाडांत शिरला. पाणी ओसरलें तेव्हां कीबोर्ड व संगणक दोन्ही चिखलानें भरलेले होते. दादांचें वादन गेलें, असेंच आम्ही धरून चाललों.

दिवाळींत भाचा आला आणि त्यानें आपल्या संगणकावर दादांची एक रचना लावली. वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, क्षणभर ऐकून म्हणाल्या, “हे नव्हेत रे ते! ते इतके सरळ कधीं वाजवीत नसत.” भाचा ओशाळला. “मामी, मीच मागेंपुढें झालेले स्वर तालांत बसविले,” तो म्हणाला. संगणक हें काम एका आज्ञेनें करतो. सुदैवानें त्यानें मूळ नोंदहि जपली होती. ती लावतांच डाव्या हाताचा तो किंचित् उशीर, दुखऱ्या अनामिकेचा तो अशक्त स्वर, सारें परत आलें. वहिनी तेथेंच उंबऱ्यावर बसल्या. पोळी तव्यावर करपली. पण कोणी उठलें नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं घरांतील कोणी वाजवीत असल्यास त्याची नोंद करा, तींत वाजविणाराचें नांव व दिवस घाला, आणि मूळ प्रतीस हात लावूं नका. सुधारणा करावयाची तर निराळ्या प्रतींत करावी. आणि एक प्रत दुसऱ्या घरीं अवश्य ठेवावी. सावित्री पोलादपुरावरून महाडास उतरते. आमचा ठेवा प्रवाहाच्या उलट, महाडाहून पोलादपुरास गेला होता, म्हणूनच तो वांचला.